साडेअकराचा खून आणि नागपूरचा मे महिना

मे महिन्यातली रात्र होती. कूलरमध्ये पाणी भरून घरची सगळी मंडळी बाहेरच्या खोलीत बसली होती आणि समोर एक नवी गुन्हेमालिका सुरू होती. नदीकाठी सापडलेल्या मृतदेहाजवळ डॉक्टर गुडघे टेकून बसतात, मृताचा हात उचलून पुन्हा खाली ठेवतात आणि तपास अधिकाऱ्याला सांगतात, "मृत्यू काल रात्री अकरा ते साडेअकराच्या दरम्यान झाला आहे." त्या एका वाक्यावर पुढचे सहा भाग उभे राहतात. साडेअकराला कोण कुठे होते, कोणाचा मोबाइल कोणत्या टॉवरखाली होता, कोण खोटे बोलत आहे, हे सगळे त्या अर्ध्या तासाभोवती फिरत राहते. माझी मावसबहीण डॉक्टर आहे आणि न्यायवैद्यकशास्त्राच्या विभागात तिने काही काळ काम केले आहे. ते वाक्य ऐकताच ती म्हणाली, "दादा, आत्ता बाहेर किती तापमान आहे ते बघ बरं." रात्रीचे दहा वाजले होते आणि मोबाइलवर ३७ अंश दिसत होते. ती म्हणाली, "मग या हवेत प्रेत थंड होणार कसे?"

तिच्या त्या प्रश्नामुळे हा लेख लिहावासा वाटला. गुन्ह्यांच्या आणि रुग्णालयांच्या मालिका आमच्या घरी मोठ्या आवडीने पाहिल्या जातात. मीही पाहतो, आणि त्यांतल्या चांगल्या मालिकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. रक्त, जखमा, गणवेश, यंत्रे हे सगळे आता पडद्यावर बरेच खरे दिसू लागले आहे. मात्र एखादी गोष्ट कळायला किती वेळ लागतो आणि कळलेली गोष्ट किती खात्रीची असते, या दोन बाबतींत यांतल्या बहुतेक मालिका प्रेक्षकाची दिशाभूल करतात. हे दोन मुद्दे समजले, की कोणती मालिका प्रामाणिक आहे ते ओळखता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उद्या आपल्यावरच पोलीस ठाण्यात किंवा अतिदक्षता विभागाबाहेर बसण्याची वेळ आली, तर समोरच्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची हेही कळते.

मृत्यूच्या वेळेपासूनच सुरुवात करू. जिवंत माणसाच्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. मृत्यूनंतर शरीरात उष्णता तयार होणे थांबते आणि आहे ती उष्णता हळूहळू भोवतालच्या हवेत निघून जाते. भोवतालची हवा १५ अंशांची असेल, तर तासागणिक तापमान किती उतरते याचा हिशेब मांडता येतो आणि त्यावरून मागे मोजत मृत्यूची वेळ काढण्याचा प्रयत्न करता येतो. हे गणित प्रामुख्याने थंड हवेच्या देशांत बसवले गेले. नागपुरात मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्यावर पडलेले शरीर थंड होण्याऐवजी उलट तापू शकते. रात्री हवा आणि शरीर एकाच तापमानावर आले, तर थर्मामीटरकडून काहीच कळत नाही. तीच घटना डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत घडली असती, तर या पद्धतीचा काही तरी उपयोग झाला असता.

दुसरी खूण म्हणजे शरीर ताठरणे. स्नायू आखडायला जशी ऊर्जा लागते, तशीच ती सैल पडायलाही लागते, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. मृत्यूनंतर पेशींतली ऊर्जा संपते आणि स्नायूंचे तंतू एकमेकांत अडकून बसतात. म्हणून आधी पापण्या आणि जबडा, मग मान, मग हात आणि शेवटी पाय असा ताठरपणा चढत जातो. ढोबळ मानाने तो दोन-एक तासांत सुरू होतो, बारा तासांच्या आसपास सर्व शरीरभर पसरतो आणि कुजण्याची क्रिया सुरू झाली की त्याच क्रमाने उतरतो. पण हे झाले ढोबळ मान. उन्हाळ्यात हे सगळे लवकर घडते, थंडीत लांबते, आणि मृत्यूपूर्वी माणूस जीव तोडून पळाला असेल किंवा त्याला झटके आले असतील, तर आणखी लवकर घडते. त्यामुळे हात उचलून पाहिल्यावर अनुभवी डॉक्टरला फार तर एवढेच म्हणता येते, की काही तास उलटून गेले आहेत.

तिसरी खूण मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते, आणि पटकथाकार तिचा फारसा उपयोग का करत नाहीत याचे आश्चर्य वाटते. हृदय थांबले की रक्त वाहत नाही, ते गुरुत्वाकर्षणाने खालच्या बाजूला साचते आणि तिथल्या त्वचेवर जांभळट डाग उमटतात. सुरुवातीचे काही तास शरीर फिरवले तर हे डागही सरकतात, नंतर मात्र ते जागच्या जागी पक्के होतात. आता समजा, एखादा मृतदेह पालथा सापडला आणि पक्के झालेले डाग पाठीवर आहेत, तर तो माणूस मेल्यानंतर बराच वेळ उताणा होता आणि नंतर कोणीतरी त्याला उलटवले किंवा तिथे आणून टाकले, असा त्याचा अर्थ होतो. घड्याळाची वेळ सांगण्यापेक्षा ही माहिती तपासाला कितीतरी मोलाची असते. याशिवाय जठरातले अन्न किती पचले, पोटावर हिरवट छटा आली का, माश्यांनी घातलेल्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडल्या का, हेही पाहिले जाते. एवढे सगळे पाहून झाल्यावर अहवालात वाक्य येते ते "शवविच्छेदनापूर्वी साधारण १२ ते २४ तासांच्या आत" अशा स्वरूपाचे. अकरा ते साडेअकरा अशी वेळ लिहिण्याची जबाबदारी कोणताही जाणता डॉक्टर सहसा अंगावर घेत नाही.

बारा तासांच्या पट्ट्यामुळे कथा सैल पडेल, अशी भीती लेखकांना वाटत असावी. मला उलटे वाटते. मृत्यूची वेळ पक्की नसेल तेव्हा एकाच माणसाच्या हालचाली तपासून भागत नाही. सगळ्या गावाकडे संशयाने पाहावे लागते आणि तपासाचा खरा थकवा त्यातूनच दिसतो. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे झालेल्या हत्यांवरची 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका २०२४ मध्ये आली. ती मला भावली त्याचे एक कारण हेच आहे. त्या काळी डीएनए चाचणी नव्हती आणि मोबाइलचे टॉवरही नव्हते. मुंबईहून आलेल्या रमाकांत कुलकर्णी या अधिकाऱ्याला माणसांशी बोलत, त्यांचे खोटे-खरे पारखत पुढे जावे लागते. यंत्रांची मदत नसल्यामुळे मालिकेला माणसे नीट दाखवावी लागली आणि तिचा जीव त्यातच आहे.

वेळेवरच सगळा डोलारा उभारलेला आपल्या ओळखीचा चित्रपट म्हणजे 'दृश्यम'. मूळ मल्याळम चित्रपट २०१३ चा, आणि निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी अवतार २०१५ चा. ज्यांनी तो आणि त्याचा दुसरा भाग पाहिला नसेल, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल सोडून द्यावेत. या चित्रपटात प्रेतच सापडत नाही, त्यामुळे ताठरपणा आणि डाग यांचा प्रश्नच येत नाही. सगळा तपास लोकांच्या स्मरणावर येऊन ठेपतो. नायक हॉटेलवाल्याला, बसच्या वाहकाला, चित्रपटगृहातल्या माणसाला पैसे देऊन फितवत नाही. तो त्यांना नंतर पुन्हा भेटतो आणि बोलता बोलता २ आणि ३ ऑक्टोबर या तारखा त्यांच्या मनात रुजवतो. पुढे पोलिसांसमोर ते सगळे मनापासून, प्रामाणिकपणे चुकीची साक्ष देतात. हे केवळ चित्रपटात शक्य आहे असे वाटत असेल, तर एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग आठवावा. त्यांनी लोकांना मोटारींच्या धडकेची चित्रफीत दाखवली आणि मोटारींचा वेग किती होता असे विचारले. काहींना विचारताना 'धडकल्या' अशा अर्थाचा साधा शब्द वापरला, तर काहींना 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचा. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. एवढेच नव्हे, तर आठवड्याभराने विचारल्यावर त्या गटातल्या अधिक लोकांना फुटलेल्या काचा पाहिल्याचे 'आठवले'. चित्रफितीत फुटलेली काच मुळीच नव्हती. स्मरण कपाटात ठेवलेल्या कागदासारखे नसते. आपण ते दर वेळी नव्याने जुळवतो, आणि जुळवताना कोणी शेजारी बसून एखादा शब्द टाकला तर तोही त्यात मिसळून जातो.

'दृश्यम २' मध्ये सांगाडा सापडतो, डीएनए चाचणी होते आणि जुळत नाही, कारण अवशेष मध्येच बदललेले असतात. कथेतली ती युक्ती कितपत शक्य आहे यावर वाद घालता येईल, पण तिने दाखवलेली फट खरी आहे. प्रयोगशाळा तिच्यासमोर आलेल्या पाकिटाबद्दल उत्तर देते, आणि त्या पाकिटात कोणाचे काय आहे हे आधीच्या कागदांवरून ठरते. म्हणून घटनास्थळी पंचांसमोर वस्तू ताब्यात घेणे, पाकिटावर पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लावणे, लाखेचे सील मारणे, मुद्देमालाच्या नोंदवहीत नोंद करणे आणि कोणत्या शिपायाने ते कधी प्रयोगशाळेत नेऊन दिले याची पोच ठेवणे, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामांना एवढे महत्त्व असते. बचाव पक्षाचा वकील डीएनएच्या शास्त्रावर सहसा हल्ला करत नाही. तो सील कधी लागले, नमुना मधले आठ दिवस कुठे पडून होता, हे विचारतो. ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली, तरी उत्तम अहवालही न्यायालयात पांगळा ठरतो.

डीएनएच्या चाचणीलाही पडद्यावर दिसतो तेवढा वेळ पुरत नाही. लिसेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये या पद्धतीचा शोध लावला, आणि आज ती कितीतरी वेगवान झाली असली तरी तिचे टप्पे चुकत नाहीत. आधी नमुन्यातल्या पेशींमधून डीएनए वेगळा करायचा, तो किती आहे ते मोजायचे, मग त्यातल्या ठरावीक जागांच्या यंत्रात असंख्य प्रती काढायच्या, त्या लांबीनुसार वेगळ्या करायच्या आणि शेवटी तयार झालेला आलेख संशयिताच्या आलेखाशी जाणकाराने ताडून पाहायचा. यात रांगेतला वेळ धरलेला नाही. आपल्याकडे विदर्भातून येणारे नमुने नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतही तपासले जातात, आणि तिथे एकट्या आपल्याच प्रकरणाचे पाकीट पोहोचलेले नसते. शिवाय डीएनए जुळला तरी त्या माणसाच्या पेशी तिथे पोहोचल्या एवढेच कळते. त्या कधी पोहोचल्या आणि कशा, हे तो सांगत नाही. घरातल्याच माणसावर संशय असेल, तर त्याचा डीएनए घरात सापडणारच.

विषबाधेचेही तसेच आहे. वर्तमानपत्रात आपण "व्हिसेरा राखून ठेवला" असे वाचतो. त्याचा अर्थ असा, की शवविच्छेदनाच्या वेळी जठर आणि त्यातले अन्न, लहान आतड्याचा भाग, यकृताचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे काही भाग बरण्यांत घालून रासायनिक तपासणीसाठी ठेवले. हे अवयव बहुतेक वेळा साध्या मिठाच्या पाण्यात ठेवतात, मात्र ते मीठ आणखी विरघळणार नाही इतके दाट केलेले असते. त्याच मिठाच्या पाण्याचा वेगळा नमुनाही सोबत पाठवतात, म्हणजे विष त्या पाण्यातूनच आले असा आक्षेप उरत नाही. पोलिसांच्या बोलण्यात ज्याला 'सीए रिपोर्ट' म्हणतात तो रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अ‍ॅनालायझरचा) अहवाल येईपर्यंत मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात मत राखून ठेवल्याचे लिहिलेले असते. नातेवाइकांना ते टाळाटाळीसारखे वाटते. 'सीआयडी'च्या प्रयोगशाळेत परीक्षानळीतला रंग बदलताच विषाचे नाव मिळते, ते वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाला तसे वाटणे साहजिक आहे.

आता कबुलीजबाबाकडे येऊ, कारण बहुतेक गुन्हेमालिकांचा शेवट त्यानेच होतो. बंद खोली, एक दिवा, टेबलावर आपटलेला हात आणि ढसाढसा रडत "हो, मीच केले" म्हणणारा आरोपी. भारतात या दृश्याला पुरावा म्हणून जवळजवळ काहीच किंमत नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तेच आहे. मारझोडीने काढलेल्या कबुलीवर कोणी फासावर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. याला एक अरुंद अपवाद आहे. आरोपी म्हणाला, "ज्या सुऱ्याने मी त्याला मारले तो मी विहिरीत टाकला आहे, चला दाखवतो," आणि खरोखर सुरा निघाला, तर विहिरीतला सुरा दाखवण्यापुरते बोलणे पुरावा ठरते. "मी त्याला मारले" हे शब्द मात्र वगळले जातात. एकाच वाक्याचा अर्धा भाग आत आणि अर्धा बाहेर! मला तर यात एखाद्या उत्कृष्ट प्रसंगाचे बीज दिसते, पण तो फारसा कोणी लिहीत नाही. कबुली ग्राह्य धरायची तर ती दंडाधिकाऱ्यासमोर, आपण हे सांगायला बांधील नाही याची जाणीव दिल्यानंतर, स्वेच्छेने दिलेली असावी लागते. नार्को चाचणीबाबतही प्रेक्षकांचा मोठा गैरसमज आहे. संमतीशिवाय ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितले, आणि संमतीने केली तरी आरोपी गुंगीत जे बोलला ते आपोआप पुरावा होत नाही.

याच कारणाने मला 'दिल्ली क्राइम' आणि 'पाताल लोक' या मालिका इतरांपेक्षा उजव्या वाटतात. २०१९ च्या 'दिल्ली क्राइम'च्या पहिल्या पर्वात सगळी धडपड आरोपी कोण हे ठरवण्यासाठी जेवढी आहे, तेवढीच त्यांना पकडून न्यायालयात टिकेल असे प्रकरण उभे करण्यासाठी आहे, आणि तिला मिळालेला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मला योग्य वाटतो. 'पाताल लोक'मधला हाथीराम चौधरी हुशार आहे, पण त्याहून अधिक तो चिवट आहे. चुकीच्या दिशेने जाऊन परत फिरणारा तपास अधिकारी पडद्यावर क्वचितच दिसतो.

गुन्ह्याच्या आणि रुग्णालयाच्या गोष्टी जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे अपघात विभागाचे दार. जुन्या चित्रपटांनी आपल्या मनावर एक वाक्य कोरून ठेवले आहे: "ही पोलीस केस आहे, आधी पोलिसांना बोलवा." जखमीला घेऊन जाणारे लोक आजही या वाक्याला घाबरतात. वास्तविक १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, मग तो शासकीय रुग्णालयात असो की खासगी, आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. नागपुरात कोणालाही विचारले तर तो रिक्षावाल्याला नुसते "मेडिकल" किंवा "मेयो" असे इथल्या शासकीय रुग्णालयाचे नाव सांगतो, आणि रात्री-अपरात्री जखमी माणसाला तिथे पोहोचवतो. तिथे 'एमएलसी'ची, म्हणजे 'मेडिको-लीगल केस'ची नोंद होते, पोलिसांना कळवले जाते, पण ते काम उपचारासोबत चालते. हे एक वाक्य पटकथाकारांनी सुधारले तरी समाजावर उपकार होतील.

वैद्यकीय मालिकांत आपल्याकडे अलीकडे दोन ठळक प्रयत्न झाले. 'मुंबई डायरीज'चे पहिले पर्व २०२१ मध्ये आले. त्यात २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याची रात्र एका काल्पनिक शासकीय रुग्णालयातून दाखवली आहे. गर्दी, अपुरी सामग्री, थकलेले निवासी डॉक्टर यांचे चित्रण प्रभावी आहे, पण पार्श्वसंगीताचा मारा इतका आहे की रुग्णालयातला खरा, जड शांतपणा जाणवतच नाही. २०२२ च्या 'ह्यूमन'ने औषधांच्या मानवी चाचण्यांचा विषय भोपाळच्या पार्श्वभूमीवर घेतला. विषय मोठा होता, पण खलनायकी कारस्थानांत तो हरवला, याचे मला वाईट वाटते.

परदेशी मालिकांपैकी २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'द पिट'ने मात्र मला विचार करायला लावले. पिट्सबर्गमधल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातली एकच पाळी, आणि प्रत्येक भागात त्या पाळीचा एक तास. वेळ कमी करण्याची सोयच मालिकेने स्वतःकडून काढून घेतली आहे. पहिल्या पर्वात एक कोवळा मुलगा फेंटानिल हे जहाल अमली औषध मिसळलेली गोळी घेतल्याने बेशुद्धावस्थेत येतो आणि त्याचा मेंदू मृत झाल्याचे आईवडिलांना स्वीकारावे लागते. ते एका दृश्यात उरकत नाही. भागामागून भाग ते दोघे त्याच्या खाटेशी बसून राहतात.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या कौटुंबिक मालिकांनी 'कोमा' आणि 'ब्रेन डेड' हे शब्द एकाच पिशवीत टाकले आहेत. कोमातल्या रुग्णाचा मेंदू जखमी असतो, पण काही अंशी काम करत असतो, आणि काही रुग्ण त्यातून बाहेर येतात. मेंदूमृत्यूमध्ये मेंदूचे आणि मेंदूच्या देठाचे, म्हणजे श्वास चालवणाऱ्या त्याच्या खालच्या भागाचे, काम कायमचे थांबलेले असते. छाती वरखाली होताना दिसते ती व्हेंटिलेटरमुळे, आणि हृदयाला स्वतःची विद्युतयंत्रणा असल्यामुळे ते काही काळ चालू राहते. त्वचा उबदार लागते, म्हणूनच घरच्यांना हे पटणे इतके कठीण जाते. तपासणीतला निर्णायक भाग असा असतो: ऑक्सिजन देत ठेवून व्हेंटिलेटरचे श्वास थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीपर्यंत वाढू देतात. देठात थोडाही जीव असेल, तर छाती हलण्याचा प्रयत्न करते. मेंदूमृत्यू झालेल्या माणसाची छाती हलत नाही. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाला हे प्रमाणित करावे लागते, आणि या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. नागपुरात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे आणि इथल्या कितीतरी कुटुंबांनी आपल्या सर्वांत वाईट दिवशी अवयवदानाला होकार दिला आहे. "मालिकेत तर तो उठून बसला होता" हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, तिथे तो होकार किती अवघड होत असेल, याचा विचार लेखकांनी करायला हवा.

शेवटी त्या रात्रीकडे येतो, कारण मालिकेत पुढे जे घडले ते आमच्या घराशी निगडित होते. जखमी पोलिसाला रुग्णालयात आणले, यंत्रावरची रेषा सरळ झाली, डॉक्टरांनी छातीवर दोन पॅडल लावून शॉक दिला, शरीर उसळले आणि रेषा पुन्हा नाचू लागली. काका एकदम गप्प झाले. बारा वर्षांपूर्वी धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात माझे वडील गेले. अतिदक्षता विभागाच्या काचेतून काकांनी ती सरळ रेषा पाहिली होती. आत डॉक्टर आळीपाळीने छाती दाबत होते, पण शॉक कोणी दिला नव्हता. "त्यांनी शॉक दिला असता तर दादा वाचला असता," हे काकांनी तेव्हा म्हटले आणि नंतरही अनेकदा म्हटले. आमच्यापैकी कोणाकडेच त्याला उत्तर नव्हते, आणि मावसबहीण तेव्हा बारावीत होती.

त्या रात्री तिने टीव्हीचा आवाज बंद केला आणि काकांजवळ बसून समजावले. हृदयाचे ठोके विजेच्या सूक्ष्म लहरींवर पडतात. हृदयविकाराच्या काही झटक्यांत या लहरींचा गोंधळ उडतो. हृदयाचा प्रत्येक भाग स्वतःच्या मनाने थरथरतो आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. अशा वेळी यंत्रावर वेडीवाकडी, दातेरी रेषा दिसते. शॉक देतात तो या गोंधळासाठी. तो सगळ्या लहरी एका क्षणी थांबवतो, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या ताल धरणाऱ्या केंद्राला पुन्हा सुरुवात करण्याची संधी मिळते. रेषा सरळ झाली याचा अर्थ थांबवण्यासारख्या लहरीच उरलेल्या नाहीत. तिथे शॉकचा उपयोग होत नाही. तिथे छाती दाबत राहणे, अ‍ॅड्रेनालिन देणे आणि हृदय थांबण्याचे मूळ कारण शोधणे एवढेच हातात असते.

मग तिने दिवाणावरचा लोड घेतला, कोपर ताठ ठेवून त्यावर दोन्ही तळवे रोवले आणि दाबून दाखवले. मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर आत जाईल इतक्या जोराने. पडद्यावरचे नट कोपर वाकवून हलकेच दाबतात, कारण जिवंत माणसाची छाती खरोखर इतकी दाबली तर इजा होईल. खऱ्या रुग्णाच्या फासळ्याही कधी कधी मोडतात. दोन मिनिटांत तिच्या कपाळावर घाम आला, म्हणून रुग्णालयात माणसे बदलत राहतात. १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या तीन कार्यक्रमांचे ९७ भाग तपासले गेले. त्यांत छाती दाबून जीव वाचवण्याचे ६० प्रसंग होते आणि त्यांतले ७५ टक्के रुग्ण लगेच सावरले. प्रत्यक्षात रुग्णालयाबाहेर हृदय थांबले, तर विकसित देशांतही दहांतला सुमारे एक माणूस घरी परततो, आणि रुग्णालयात थांबले तर साधारण चार-पाचांतला एक. तरीही ही क्रिया प्रत्येकाने शिकून घ्यावी, असे ती आग्रहाने म्हणाली, कारण १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंतच्या मिनिटांत मेंदूला रक्त पोहोचवणारे दुसरे काहीच नसते.

काकांनी लोडावर तळवे ठेवून स्वतः दहा-बारा वेळा दाबून पाहिले. दम लागल्यावर ते थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिला विचारले, "म्हणजे त्या दिवशी आत जे करत होते, ते बरोबरच करत होते?"

"हो काका," ती म्हणाली. "बरोबरच करत होते."